अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

परळच्या ज्या चाळीत माझा जन्म झाला आणि आयुष्याची पंचावन्न वर्षे गेली, तिथल्या आमच्या दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीत चोराने न्यावी अशी एकही वस्तू नव्हती. परंतु आईच्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली, सुतळीने बांधलेला भाडेपावत्यांचा एक गठ्ठा होता, आणि घराला आग लागली तर सर्वांत आधी तो बाहेर काढायचा, अशी वडिलांची आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती. वडील गिरणीत साचेखात्यात होते. पगार झाला की घरमालकाचा मेहता जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडून बसे. वडील वीस रुपयांच्या आतले ते भाडे मोजून देत, पावतीवरची तारीख आणि मेहताची सही दोनदा निरखून पाहत आणि मगच वर येत. मेहताने काही निमित्त काढून भाडे घेण्याचे नाकारले, तर तेच भाडे मनिऑर्डरने पाठवले जाई, आणि ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा घेऊन परत आलेला कागद पावत्यांच्याच इतमामाने त्या गठ्ठ्यात जाऊन बसे. लहानपणी मला या साऱ्याचे हसू येत असे. पुढे लोकांना भाड्याची घरे मिळवून देणे हाच माझा व्यवसाय झाला, आणि तो चौतीस वर्षे केल्यानंतर वडील त्या गठ्ठ्याला एवढे का जपत होते, हे मला पुरते उमगले.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांपुरता तो कधी मिटलाच नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी मला धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला मुंबईत सगळे स्मॉल कॉज कोर्टच म्हणतात, वकिली करणाऱ्या एका वृद्ध वकिलांकडे कारकून म्हणून चिकटवून दिले. मालक आणि भाडेकरू यांच्यातले मुंबईतले तंटे ज्या कचेरीत चालतात ती हीच, आणि तेथे काढलेली सहा वर्षे ही माझी खरी शाळा. दावे दाखल करणे, मुदती टिपून ठेवणे, बेलिफाबरोबर समन्स बजावायला जाणे, नकलांसाठी अर्ज करणे, ही माझी कामे. वादीने लावलेला दावा प्रतिवादीचा मुलगा लढतो आहे आणि निकाल ऐकायला नातू हजर आहे, अशी प्रकरणे तेथे नवलाईची नव्हती. वकीलसाहेब फार बोलत नसत, पण पक्षकार रडू लागला, की चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारत, “रडण्याचं नंतर पाहू. कागद काय आहे?”

त्या कोर्टाच्या बाकावर बसून मला या शहराच्या घरांचा इतिहास समजला. 1947 साली मुंबई राज्याने भाडे नियंत्रणाचा कायदा केला आणि जी जागा 1 सप्टेंबर 1940 रोजी भाड्याने दिलेली होती, तिचे त्या दिवशीचे भाडे हेच तिचे प्रमाणभूत भाडे ठरवून टाकले. महायुद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या धामधुमीत, गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कोणी भाडे वाढवून काढून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू निःसंशय उदात्त होता, आणि माझ्या वडिलांसारखी लक्षावधी माणसे त्या एका कायद्याच्या आधारावर या शहरात संसार करू शकली. परंतु मुदतीचा म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. ज्या भाड्यात वर्षाचा रंगसुद्धा निघेना, त्या भाड्यावर इमारत सांभाळण्याची इच्छा मालकाला उरली नाही, आणि नवी जागा बांधून भाड्याने देण्याची तर मुळीच नाही. मग पागडी आली. ती कायद्याला नामंजूर होती, पण व्यवहाराला मंजूर होती. खोली हस्तांतरित होताना रिवाजाप्रमाणे मालकाचा तिसरा हिस्सा काळ्या पैशात चुकता होई आणि पावतीवर नवे नाव चढे. 1973 साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे कोणी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागेत राहत होते, त्या सर्वांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि त्या दिवसापासून ज्यांच्याकडे रिकामी जागा होती, त्या माणसांच्या मनात जी धास्ती बसली, ती पुढच्या पिढीपर्यंत उतरली. मी धंद्यात पडलो तेव्हा दादर-माटुंग्यातले कितीतरी फ्लॅट कुलूपबंद होते. मालक अमेरिकेत, किल्ली बहिणीकडे, आणि भाड्याने देण्याचा विषय काढला की बहीण म्हणे, “आत आलेला माणूस बाहेर निघत नाही हो.” ज्या तरतुदीने आत असलेल्यांना अभय दिले, तिनेच बाहेर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर दार लावून घेतले, आणि माझे पुढचे सारे आयुष्य त्या बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांबरोबर गेले.

1988 साली वकीलसाहेब वारले आणि मी घरांची दलाली सुरू केली. आता त्या व्यवसायाला इस्टेट एजंट वगैरे भारदस्त नावे आहेत. तेव्हा लोक दलाल म्हणत आणि मलाही त्यात काही वावगे वाटत नसे. माझी कचेरी म्हणजे एका इराण्याच्या हॉटेलातले कोपऱ्यातले टेबल. निरोप घेण्यासाठी शेजारच्या पानवाल्याचा टेलिफोन. आणि भांडवल म्हणजे चामड्याच्या पट्ट्यात ओवलेल्या, प्रत्येकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेल्या पंधरा-वीस चाव्या. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. एका रविवारी एका पार्टीला पाच जागा दाखवायच्या, त्यातल्या पहिल्या दोन मुद्दाम वाईट दाखवायच्या म्हणजे तिसरी बरी वाटते, हा आमचा जुना डाव; तो मीही शिकलो आणि काही वर्षे खेळलो, हे कबूल केले पाहिजे.

या शहरात घर शोधणारा माणूस कसा थकत जातो, हे मी फार जवळून पाहिले आहे. पहिल्या रविवारी तो दादरला वन बीएचके मागतो, पूर्वेचा प्रकाश, स्टेशनपासून दहा मिनिटे, शाळा जवळ. दुसऱ्या रविवारी प्रकाशाचा मुद्दा गळतो. तिसऱ्या रविवारी दादरचे घाटकोपर होते, मग मुलुंड, मग ठाणे, आणि अखेरीस डोंबिवली किंवा बदलापूर. भाडे जसजसे उतरत जाते, तसतसे लोकलमध्ये उभ्याने काढायचे तास चढत जातात, आणि जी रक्कम मालकाला द्यायची नाही ती माणूस आपल्या आयुष्यातून रेल्वेला देतो. पैशाचा हिशेबही दिसतो त्याहून निष्ठुर असतो. आजच्या एखाद्या तीस हजार रुपये भाड्याच्या जागेचेच पाहा. अनामत एक लाख, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे तीस हजार, दलालाचा एक महिना आणखी तीस हजार, टेम्पो आणि हमाल निराळे. म्हणजे साठ हजार मिळवणाऱ्या माणसाने घरात पहिला चहा करण्यापूर्वी जवळजवळ तीन पगार मोजलेले असतात. अकरा महिन्यांनी मालक पाच-दहा टक्के वाढ मागतो. ती परवडली नाही तर दलाली, टेम्पो, हमाल हे सारे पुनश्च. श्रीमंताला घर एकदा पडते. गरिबाला ते दर वर्षी पडते.

पण पैसे असूनही घर मिळत नाही, असे प्रसंग मी त्याहून अधिक पाहिले. एकदा रुग्णालयात नोकरीला लागलेल्या एका तरुण मुसलमान डॉक्टरासाठी मी चौदा ठिकाणी फोन केले. सकाळी अकराला रिकामी असलेली जागा नाव सांगताच साडेअकराला ‘दिली गेलेली’ असे. कोणी सोसायटीचे नाव पुढे करी, कोणी वृद्ध आईचे. एका सुविद्य गृहस्थाने तर आपण स्वतः असले काही मानत नाही हे मला दहा मिनिटे पटवून दिले आणि अकराव्या मिनिटाला नाही म्हटले. हाच अनुभव एकट्या राहणाऱ्या बाईला येतो, नाट्यव्यवसायातल्या माणसाला येतो, घटस्फोटितेला येतो, आणि आडनाव विचारून ज्याची जात हुडकली जाते त्याला तर इतक्या सभ्य शब्दांत येतो, की तक्रार करायलाही जागा राहू नये. ‘फॅमिलीच पाहिजे’, ‘व्हेज असाल तरच’, ही वाक्ये माझ्या तोंडून किती वेळा गेली असतील याची गणती नाही. मी केवळ निरोप्या आहे, असे मी स्वतःला सांगत असे. परंतु त्या डॉक्टराला चौदावा नकार सांगताना, “जागा आवडण्यासारखी नव्हतीच,” असे खोटे मी बोललो आणि तो हसून म्हणाला, “काका, तुम्ही तरी खरं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी मी आधीच नाव सांगत जाईन.” त्यानंतर मी कारण सांगू लागलो. नकार त्यामुळे सौम्य झाला नाही, पण माणसाचे रविवार वाचले. त्याला पंधरावी जागा मिळाली. ती एका निवृत्त शिक्षिकेची होती, आणि तिने विचारलेला एकमेव प्रश्न, रात्रपाळीहून येताना दार हळू लावाल ना, हा होता.

परळमध्ये दुसरी एक रांग असते. 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण येथे येतात. उपचार चालतात सहा महिने, वर्षभर, आणि तेवढा काळ कोठे तरी राहावे लागते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि तसल्या इतर संस्था जेवढे करता येईल तेवढे करतात. पण रुग्णांची संख्या संस्थांच्या खोल्यांहून कितीतरी पटींनी मोठी. अशा कुटुंबांना दरमहाच्या हिशेबाने खोली हवी असते, स्वयंपाकाची सोय हवी असते, आणि केमोथेरपी झालेला माणूस चढू शकेल एवढाच जिना हवा असतो. यवतमाळकडचा एक शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. मी दाखवलेल्या पहिल्या खोलीत त्याने भिंतीला हात लावला, ओल लागली, आणि तो काही न बोलता मुलाला घेऊन बाहेर पडला. डॉक्टरांनी जंतुसंसर्गाला जपा म्हणून सांगितले होते. मी त्या खोलीत त्यापूर्वी निदान सहा कुटुंबे घातली होती, आणि भिंतीला हात लावून पाहावा, हे मला एकदाही सुचले नव्हते. घर सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न दाखवणाऱ्याला आणि राहणाऱ्याला किती निराळा दिसतो, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. पूर्णपणे कळायला मात्र आणखी एक प्रसंग घडावा लागला, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती.

2014 सालची गोष्ट. भांडुपला एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरी करणारे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. दरमहाचे भाडे त्यांना जड होते, म्हणून त्यांनी हेवी डिपॉझिटची जागा शोधायला सांगितली. या प्रकाराची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, की यात भाडेकरू एक मोठी रक्कम मालकाकडे ठेवतो, भाडे नाममात्र असते, आणि मुदत संपल्यावर ती रक्कम व्याजावाचून परत मिळते. मालकाला हातात भांडवल मिळते, भाडेकरूला भाडे वाचल्यासारखे वाटते. मी एक जागा काढली. सात लाख रुपये ठरले. गृहस्थांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, बाईंनी पाटल्या मोडल्या. मी माझ्या समजुतीप्रमाणे सारी खातरजमा केली होती: विजेचे बिल मालकाच्या नावाचे, सोसायटीची देखभालीची पावती चालू, भागदाखल्याची, म्हणजे शेअर सर्टिफिकेटची, झेरॉक्स जुळती. करारनामा रीतसर नोंदवला. सात महिन्यांनी एका सकाळी बाईंचा फोन आला, की दारावर बँकेची नोटीस चिकटवली आहे.

मालकाने ते घर बँकेकडे तारण ठेवले होते आणि हप्ते थकवले होते. 2002 च्या ज्या कायद्याने बँकांना दिवाणी दाव्यावाचून तारण ताब्यात घेता येते, त्याच्या तेराव्या कलमाखालची साठ दिवसांची नोटीस आमचा करार होण्यापूर्वीच निघालेली होती. आणि ती निघाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीखेरीज जागा भाड्याने देण्याचा अधिकारच त्याला नव्हता. म्हणजे ज्या दिवशी पाटल्या मोडल्या, त्या दिवशी तो करार मुळातच पोकळ होता. मूळ भागदाखला बँकेच्या तिजोरीत होता, म्हणून मला झेरॉक्स दाखवली गेली; आणि कोर्टात सहा वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने ‘मूळ कागद दाखवा’ एवढे तीन शब्द उच्चारले नाहीत. नोंदणी झाली आहे, या शब्दांवर मी विसंबलो होतो. पण निबंधकाच्या कचेरीत नोंद होते ती दस्ताची, मालकीच्या निर्दोषपणाची हमी तेथे कोणी देत नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला गेलो तर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे ऐकवले गेले. यथावकाश न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम घेऊन बँकेची माणसे आली आणि घराला मोहोर लागली. सात लाखांपैकी दीड लाख रुपये दोन वर्षांत तुकड्यातुकड्याने वसूल झाले. उरलेले आजतागायत नाहीत. मी माझी दलाली परत केली, दुसरी जागा विनामोबदला मिळवून दिली, पण त्याला प्रायश्चित्त म्हणणे ही आत्मवंचना होईल. घर सोडताना बाई मला म्हणाल्या, “काका, जिन्यावरचा दिवा लागतो की नाही, ते तुम्ही पाहिलंत. मग हे कसं नाही पाहिलंत?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर मी एक वही घातली, आणि घर दाखवण्यापूर्वी त्या घराचे दोष आधी तिच्यात लिहायचे व पार्टीला ते पान वाचायला द्यायचे, असा नेम केला. पहिल्या पानावर कागद: मूळ भागदाखला किंवा नोंदवलेल्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन; मालकाच्या ओळखपत्रावरचे नाव आणि त्या कागदावरचे नाव एकच आहे ना; कर्ज असल्यास बँकेचे संमतिपत्र; कर्ज नाही असे म्हणत असल्यास मूळ कागद हातात; आणि मालकाऐवजी दुसराच कोणी सही करणार असेल तर त्याचे मुखत्यारपत्र. अनामत रक्कम नेहमी धनादेशाने, आणि तिचा आकडा करारात. दुसऱ्या पानावर इमारत: भोगवटा प्रमाणपत्र आहे का, तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणी झाली का, महापालिका धोकादायक इमारतींची जी यादी करते, तिच्या ‘सी-1’ वर्गात नाव तर नाही. तळमजल्यावर जाऊन खांब पाहायचे, कोठे गिलावा फुगून आतली गंजलेली सळई दिसते का, कोठे नवे काम चालले आहे का. 2017 च्या जुलैमध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी आपापली घरे काय कमी नीटनेटकी ठेवली असतील? भाडेकरू खोलीचा रंग पाहतो, पण त्याचा जीव तळमजल्याच्या खांबावर उभा असतो.

तिसऱ्या पानावर रात्र. घर दिवसा पसंत करावे आणि रात्री दहा वाजता पुन्हा पाहावे, हा नियम मला परिचारिकांनी शिकवला. स्टेशनपासूनच्या रस्त्यावर दिवे आहेत का, शेवटच्या वळणावर काय आहे, पहारेकरी जागा असतो का, लिफ्ट बंद पडल्यास जिन्यात उजेड आहे का, आणि पाणी किती वाजता येते, म्हणजे पहाटे पाचला एकटीने उठून पिंप भरावे लागेल काय, हे सारे दिवसा दिसत नाही. चौथ्या पानावर एकच ओळ होती: राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी, मालकाला सांगून, दाराचे कुलूप बदला; आधीच्या बिऱ्हाडकरूंकडे किती चाव्या राहिल्या आहेत, हे मालकालाही ठाऊक नसते. ही वही वाचून काही पार्ट्या पळाल्या. एका मालकाने मला आपल्या दारात उभे करायचे नाही असे जाहीर केले. परंतु ज्या राहिल्या, त्यांना पुन्हा घर शोधून देताना मला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

आता या अकरा महिन्यांविषयी. वर्षागणिक चालणारा किंवा एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पळवाट निघाली, आणि 1973 च्या धास्तीने ती राजमार्ग झाली. परंतु 31 मार्च 2000 रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमान्वये करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लेखी करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. उलट मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट दराने भरपाई घेऊन कब्जा मिळवण्याचा मार्ग 24 व्या कलमाने मालकाला मोकळा करून दिला आहे. म्हणजे ज्या कारणांसाठी अकरा महिने जन्माला आले, ती दोन्ही कारणे केव्हाच गेली. अकरा महिने तेवढे राहिले. खर्चाचे म्हणावे, तर वर घेतलेल्या तीस हजारांच्या उदाहरणात मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. पाच वर्षांपर्यंतच्या करारालाही शुल्काचा दर तोच, पाव टक्का. तेव्हा तीन वर्षांचा करार करा, दर वर्षीची वाढ आधीच लिहून ठेवा, असे मी दोन्ही पक्षांना सांगून थकलो. मालक म्हणतो, नको, अकराच बरे. का, ते त्याला सांगता येत नाही.

या सवयीचा परिणाम मी घराघरांतून पाहिला आहे. भिंतीत खिळा ठोकू नये, ही करारातली अट; त्यामुळे लग्नाचा फोटो वर्षानुवर्षे कपाटामागे उभा. मुलाला शाळा बदलावी लागेल म्हणून शेजारच्या मुलाशी फार सलगी नको, असे एका आईने मला सहज बोलून दाखवले. गॅसच्या जोडणीचा पत्ता एक, बँकेचा दुसरा, मतदारयादीतला तिसरा. आमच्या चाळीत नळ घरात नव्हता आणि संडास गॅलरीच्या टोकाला होता, पण मुदत नव्हती. म्हणून वडिलांनी त्या परक्या भिंतीत मनसोक्त खिळे ठोकले, माळा घातला, मोरी बांधून घेतली आणि पाच माणसांचे लग्नकार्य त्याच खोलीतून केले. आजच्या भाडेकरूच्या घरात तीन नळ आहेत आणि मुदत अकरा महिन्यांची आहे. एका पिढीला कायद्याने स्थैर्य दिले आणि सोय नाकारली; दुसरीला बाजाराने सोय दिली आणि स्थैर्य नाकारले. या दोन्ही गोष्टी एकाच घरात असणे म्हणजे काही चैन नव्हे, तो बिऱ्हाडाचा साधा अर्थ आहे.

2018 साली आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली. नव्या इमारतीत घर मिळेपर्यंत विकासकाने दरमहा भाडे द्यायचे असा करार होता. ते दोन वर्षे आले, नंतर बंद झाले, आणि इमारत अद्याप जोत्याच्या वर थोडीशीच आली आहे. अशा रीतीने पंचावन्नाव्या वर्षी, हजारो माणसांना घरे दाखवून झाल्यावर, मी स्वतः घर पाहायला निघालो. मुलुंडला विशीतला एक मुलगा मोबाइलवर पाहत पाहत मला जागा दाखवत होता. पहिली वाईट होती, दुसरी त्याहून वाईट. मी तिसरीची वाट पाहत गप्प राहिलो. “अंकल, फॅमिली किती?” त्याने विचारले. मी म्हटले, दोघे. मग मी भिंतीला हात लावला, तळमजल्यावर जाऊन खांब पाहिले, मूळ भागदाखला मागितला, आणि रात्री दहाला पत्नीला घेऊन पुन्हा आलो. मुलाला माझी गंमत वाटली असावी. मी त्याला वहीची झेरॉक्स दिली. तो ती वाचील अशी मला आशा आहे.

पत्र्याची पेटी आमच्याबरोबर आली. वडिलांच्या भाडेपावत्यांचा गठ्ठा तिच्या तळाशी तसाच आहे आणि त्यावर, निराळ्या लखोट्यात, माझे करारनामे आहेत. आजवर त्यांची संख्या सात झाली आहे. सध्याच्याची मुदत येत्या मार्चअखेर संपते.